स्वस्तिक : मंगलचिन्हाचा मान आणि आपले उत्तरदायित्व



श्रींच्या दर्शनासाठी महाद्वारातून आत येताना चौकटीवर शेंदुराने रेखाटलेले स्वस्तिक आपल्या दृष्टीस पडते. देणगीची पावती, अभिषेकाची पत्रिका, प्रसादाचे पाकीट, सर्वत्र हे चिन्ह असते. बहुतेकांना त्यात विशेष काही वाटत नाही. जे नित्य दिसते त्याकडे लक्ष जात नाही, हा मनुष्यस्वभाव आहे. परंतु ज्यांची मुले-नातवंडे शिक्षण वा नोकरीनिमित्त अमेरिका, युरोप किंवा ऑस्ट्रेलियात आहेत, अशा वऱ्हाडी कुटुंबांत या चिन्हाविषयी एक प्रश्न अलीकडे वारंवार निघतो. तो असा : तिकडे हे चिन्ह पाहून काही लोक भयभीत होतात, संतापतात. मग दारावर स्वस्तिक काढावे की काढू नये?

प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याला उत्तरही प्रामाणिक दिले पाहिजे. "आमचे चिन्ह आहे, आम्ही काढणारच" एवढे म्हणून तो सुटत नाही, आणि "कशाला वाद, पुसून टाका" असे म्हणूनही सुटत नाही. प्रस्तुत लेखात या विषयाचा क्रमाने विचार केला आहे.

स्वस्तिक शब्दाचा अर्थ

'सु' म्हणजे चांगले आणि 'अस्ति' म्हणजे आहे, असते. जे चांगले असावे, ज्यायोगे कल्याण व्हावे, ते स्वस्तिक. कोणत्याही मंगलकार्याच्या आरंभी पुरोहित स्वस्तिवाचन करतात, त्यातील 'स्वस्ति' हाच. प्राचीन काळी राजे दानपत्रे कोरून देत, त्यांपैकी अनेकांचा प्रारंभ याच शब्दाने होत असे. स्वस्तिक हे 'कल्याण असो' या आशीर्वादाचे रेषांत उतरलेले रूप आहे.

चिन्ह अतिप्राचीन आहे. सिंधुसंस्कृतीच्या मुद्रांवर ते आढळते. पाणिनीच्या अष्टाध्यायीत जनावरांच्या कानांवर ओळखीसाठी केल्या जाणाऱ्या खुणांमध्ये स्वस्तिकाचा उल्लेख आहे. जुन्नर येथील लेण्यांत काही बौद्ध शिलालेखांना जोडून ते कोरलेले दिसते. जैन परंपरेत ते सातवे तीर्थंकर सुपार्श्वनाथ यांचे लांछन होय. जैन मंदिरात तांदळाने स्वस्तिक रेखाटतात. त्याच्या चार भुजा म्हणजे देव, मनुष्य, तिर्यंच आणि नारकी या चार गती, वरील तीन बिंदू म्हणजे सम्यक् दर्शन, ज्ञान व चारित्र्य ही रत्नत्रयी, आणि त्यावरील चंद्रकोर म्हणजे सिद्धशिला. कारंजा आणि शिरपूर ही जैनांची प्रसिद्ध क्षेत्रे आपल्या वऱ्हाडातच आहेत, हे भाविकांना ठाऊक आहेच. वैदिक परंपरेत या चार भुजांना कोणी चार दिशा म्हणतात, कोणी चार वेद, तर कोणी धर्म, अर्थ, काम व मोक्ष हे चार पुरुषार्थ. अर्थ अनेक, भाव एकच.

वऱ्हाडच्या घरादारांत

आपल्याकडे या चिन्हावाचून कोणतेही शुभकार्य होत नाही. लग्नात वधूवरांमध्ये जो अंतरपाट धरतात, त्यावर मधोमध कुंकवाचे स्वस्तिक असते, आणि दोन जीवांची दृष्टादृष्ट होण्यापूर्वी दोघांच्याही डोळ्यांपुढे तेच येते. चैत्रगौरीच्या चैत्रांगणात ते शंख, चक्र, गोपद्मांच्या शेजारी असते. नवा ट्रॅक्टर घरी आला की प्रथम त्यावर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, मग नारळ फुटतो. अकोला, खामगाव, अमरावती या कापसाच्या बाजारपेठांत दिवाळीला वहीपूजन होते, तेव्हा नव्या वहीच्या पहिल्या पानावर 'श्री' आणि स्वस्तिक काढूनच पहिली नोंद लिहिण्याचा प्रघात आहे. त्या स्वस्तिकाखाली पुढे वर्षभर जे लिहिले जाईल ते खरे असावे, हा त्यामागील संकेत होय. या संकेताकडे आपण पुढे पुन्हा वळणार आहोत.

चिन्हावर आलेले किटाळ

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाइन्रिख श्लीमान या जर्मन संशोधकाला ट्रॉय या प्राचीन नगरीच्या उत्खननात स्वस्तिकाच्या आकृती सापडल्या. त्यानंतर युरोपात या चिन्हाविषयी मोठे कुतूहल निर्माण झाले. प्रारंभी ते तेथे सुदैवाचे चिन्ह म्हणूनच लोकप्रिय होते. शुभेच्छापत्रांवर, दागिन्यांवर ते येई. रुडयार्ड किप्लिंग या इंग्रज लेखकाच्या पुस्तकांवरही ते छापले जात असे. मात्र याच काळात 'आर्य' या शब्दाला वंशाचा खोटा अर्थ चिकटवणारी एक विचारसरणी जर्मनीत बळावत होती. तिने हे चिन्ह उचलले. १९२० साली हिटलरच्या नाझी पक्षाने ते आपल्या ध्वजावर घेतले आणि १९३५ साली ते जर्मनीच्या राष्ट्रध्वजावर आले. त्यांच्या भाषेत त्याचे नाव 'हाकेनक्रॉइझ', म्हणजे आकड्यांचा क्रूस, असे होते. इंग्रजीत मात्र त्याला 'स्वस्तिक' हाच संस्कृत शब्द रूढ झाला, आणि आपला आशीर्वादवाचक शब्द एका भीषण इतिहासाशी जोडला गेला.

त्या ध्वजाखाली सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या झाली. स्त्रिया, वृद्ध, तान्ही मुले, कोणीही सुटले नाही. रोमा जमातीचे लोक, अपंग, युद्धकैदी यांनाही त्याच यंत्रणेने मारले. ज्या घरातील माणसे अशा रीतीने गेली, त्या घरातील नातवाला हे चिन्ह पाहून काय वाटत असेल, याची कल्पना आपण केली पाहिजे. 'सु अस्ति' हा अर्थ त्याच्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी त्याची जखम उघडी पडते.

एक प्रचलित गैरसमज

"आमचे स्वस्तिक उजवे, त्यांचे डावे" असे उत्तर आपल्याकडे पुष्कळदा दिले जाते. हे उत्तर बरोबर नाही. नाझींच्या ध्वजावरील चिन्हाच्या भुजाही आपल्या नेहमीच्या स्वस्तिकाप्रमाणे उजवीकडेच वळलेल्या होत्या. उलटपक्षी, डावीकडे वळणारे स्वस्तिक भारतात आणि पूर्वेकडील बौद्ध देशांत शतकानुशतके पवित्र मानले गेले आहे. "त्यांचे तिरपे, आमचे सरळ" हे उत्तर बहुतांशी खरे आहे. नाझी ध्वजावर ते पंचेचाळीस अंशांत कललेले, लाल पार्श्वभूमीवरील पांढऱ्या वर्तुळात काळ्या रंगाचे असे. पण हिटलरच्या खासगी ध्वजावर ते सरळही काढलेले होते. शिवाय आपल्या स्वस्तिकात चार बिंदू असतात, ते कुंकू, शेंदूर वा हळदीचे असते, हेही भेद सांगता येतात आणि ते सांगावेत. परंतु रेषांच्या मापाने हा प्रश्न पूर्णपणे सुटत नाही. खरा भेद ते चिन्ह कोण, कोठे आणि कोणत्या हेतूने काढतो, यात आहे.

ज्यांना वेदना होते ते परके नाहीत

ज्यू म्हणजे दूर देशीचे कोणी, असे समजण्याचे कारण नाही. कोकणात अलिबागजवळील नवगाव येथे आपले पूर्वज उतरले, अशी श्रद्धा असलेला बेने इस्रायल समाज शतकानुशतके मराठी बोलत आला आहे. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून कोकणातील लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. त्यांनी एकोणिसाव्या शतकात आपल्या धर्मकथांवर मराठीत कीर्तने रचली. संकल्पपूर्तीसाठी किंवा शुभप्रसंगी ते 'मलिदा' करतात. त्यात गोड केलेले पोहे, ओले खोबरे आणि फळे असतात. आपल्या प्रसादाशी असलेले त्याचे नाते वेगळे सांगावयास नको. इस्रायलमध्ये स्थायिक झाल्यावरही या समाजाने 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालवले. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला.

ज्यू घराच्या दाराच्या उजव्या चौकटीवर एक लहानशी नळी बसवलेली असते. तिच्यात धर्मवचन लिहिलेला चर्मपत्राचा तुकडा असतो. येता-जाता भाविक तिला स्पर्श करतात. तिला 'मेझुझा' म्हणतात. आपण चौकटीवर स्वस्तिक काढतो, ते चौकटीवर धर्मवचन जपतात. उंबरठा ओलांडताना ईश्वराचे स्मरण व्हावे, ही भावना दोन्हीकडे एकच आहे.

त्यांच्या षट्कोणी ताऱ्याची कथा येथे मुद्दाम सांगण्याजोगी आहे. आपल्या यंत्रांत जी षट्कोण आकृती येते, तशीच ही आकृती. नाझींनी १९४१ साली जर्मनीतील ज्यूंना हा तारा पिवळ्या कापडावर शिवून अंगावर लावण्याची सक्ती केली. धर्मचिन्हाचा अपमानाचा बिल्ला केला. युद्ध संपल्यावर ज्यूंनी ते चिन्ह टाकून दिले नाही. १९४८ साली त्यांनी ते आपल्या नव्या राष्ट्राच्या ध्वजावर मानाने घेतले. दुर्जनाने विटाळलेले पवित्र चिन्ह त्याच्या हाती सोडून द्यावयाचे नसते, हा धडा त्यांच्याच इतिहासात आहे. अर्थात यात एक भेद आहे, तो विसरू नये. त्यांचा तारा पीडितांच्या अंगावर होता, आणि स्वस्तिकाचे विकृत रूप पीडा देणाऱ्यांच्या दंडावर होते. म्हणून आपल्याला अधिक समजावून सांगावे लागते, आणि ते अधिक धीराने सांगावे लागते.

इतरांनी काय केले

या प्रश्नावर जगात निरनिराळे निर्णय झाले. अमेरिकेतील नावाहो, होपी, अपाचे आणि पापागो या आदिवासी जमातींतही हे चिन्ह परंपरेने वापरात होते. १९४० साली त्यांच्या प्रतिनिधींनी नाझी अत्याचारांच्या निषेधार्थ आपल्या विणकामात व टोपल्यांवर ते यापुढे न वापरण्याच्या घोषणापत्रावर सह्या केल्या. दुसऱ्याच्या दुःखासाठी त्यांनी आपले चिन्ह सोडले. त्यांच्या या त्यागाला आपण कमी लेखू नये. याउलट कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात 'स्वस्तिक' नावाचेच एक गाव आहे. युद्धकाळात सरकारने ते नाव बदलून 'विन्स्टन' ठेवण्याचा प्रयत्न केला, पण गावकऱ्यांनी तो मान्य केला नाही. हिटलरच्या आधीपासून हे नाव आमचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ते नाव आजही कायम आहे.

२००७ च्या आरंभी युरोपीय संघाचे अध्यक्षपद जर्मनीकडे असताना नाझी चिन्हांवर युरोपभर बंदी घालण्याची कल्पना पुढे आली. ब्रिटनमधील हिंदू संघटनांनी स्वस्तिकाचा धार्मिक अर्थ मांडून तीस हरकत घेतली, आणि स्वस्तिकावरील बंदीचा विचार मागे पडला. त्यानंतर वर्षभराने, फेब्रुवारी २००८ मध्ये, जेरुसलेम येथे हिंदू आणि ज्यू धर्माचार्यांची परिषद झाली. तिच्या घोषणापत्रात, स्वस्तिक हे हिंदूंचे सहस्रावधी वर्षांचे मंगलचिन्ह आहे आणि नाझींनी त्याचे विकृत रूप वापरून घोर अपराध केले, असे उभय पक्षांनी नमूद केले. ज्यांना सर्वाधिक दुःख झाले त्यांच्याच आचार्यांनी, एकत्र बसून ऐकून घेतल्यावर, हे मान्य केले, ही गोष्ट फार मोलाची आहे.

जपानमध्ये नकाशांवर बौद्ध मंदिराची खूण म्हणून 'मांजी', म्हणजे स्वस्तिकच, वापरतात. २०१६ साली परदेशी प्रवाशांसाठीच्या नकाशांवर ही खूण बदलावी असा प्रस्ताव आला, तेव्हा तेथे बराच विरोध झाला. देशांतर्गत नकाशांवर ती कायम आहे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने २०२२ साली नाझी चिन्हाच्या जाहीर प्रदर्शनास बंदी करणारा कायदा केला. त्यात हिंदू, बौद्ध व जैन यांच्या धार्मिक स्वस्तिकास स्पष्ट मुभा ठेवली आहे. ही मुभा तेथील समाजांनी आपले म्हणणे शांतपणे मांडल्याचे फळ होय.

आपल्या दारातील प्रश्न

येथवर इतरांनी केलेल्या दुरुपयोगाचा विचार झाला. आता स्वतःकडे पाहू. २००६ साली नवी मुंबईत हिटलरच्या नावाने एक उपाहारगृह निघाले आणि त्याच्या सजावटीत नाझी चिन्ह वापरले गेले. मुंबईच्या ज्यू समाजाने तीव्र हरकत घेतल्यानंतर ते नाव बदलले गेले. स्वस्तिकाचा खरा अर्थ जगाला सांगू पाहणाऱ्या आपल्या भूमीतच हे घडावे, हे खेदजनक होय. गंमत किंवा धाडस म्हणून हिटलरचे बिल्ले, चित्रे, टोप्या मिरवणारी मुले आजही कोठे कोठे दिसतात. असे प्रत्येक उदाहरण आपल्याच स्वस्तिकाचा पक्ष दुबळा करते.

याहून जवळचे उदाहरण अमरावतीचे आहे. अंबादेवीचे स्थान विदर्भकन्या रुक्मिणीच्या कथेने पावन झालेले. १९२७ साली या मंदिरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रहाची चळवळ उभी राहिली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात अमरावतीत भरलेल्या परिषदेचे अध्यक्षस्थान डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी भूषविले होते. डॉ. पंजाबराव देशमुख या चळवळीत अग्रभागी होते. त्या काळी वऱ्हाडातील कितीतरी मंदिरांच्या चौकटींवर 'सर्वांचे कल्याण असो' असे सांगणारी चिन्हे होती, आणि त्याच चौकटीतून आत येण्यास सर्वांना मुभा नव्हती. बाहेर ताटकळणाऱ्या माणसाने त्या चिन्हाचा काय अर्थ घ्यावा? पुढे संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. परंतु जे चिन्ह आशीर्वाद म्हणून रेखाटले, ते दाराबाहेरच्याला नकार म्हणून दिसू शकते, ही शिकवण वऱ्हाडने विसरता कामा नये.

येथेच वहीच्या पहिल्या पानावरील संकेताची आठवण होते. वरचे स्वस्तिक कितीही सुबक असले, तरी खालच्या नोंदी खोट्या असतील तर ती वही शुभ होत नाही. चिन्हाला अर्थ शब्दकोशातून मिळतो, पण मान त्याखालील आचरणाने मिळतो.

संत गाडगेबाबांचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. त्यांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा. त्यांच्या हाती सदैव खराटा असे. लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणी पूजतो, पण एरवी ती ज्याच्या हाती असते त्याला समाजाने हीन लेखले. बाबांनी हाच खराटा हाती धरून गावेच्या गावे झाडली, यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या, आणि त्याच खराट्याला लाखोंचे हात जोडले गेले. आज त्यांच्या नावे विद्यापीठ आहे आणि शासनाचे ग्रामस्वच्छता अभियानही त्यांच्याच नावाने सुरू झाले. एका माणसाच्या आचरणाने तुच्छ मानलेली वस्तू पूज्य झाली. तिकडे एका माणसाच्या आचरणाने पूज्य चिन्ह अर्ध्या जगात भयावह ठरले. चिन्ह उजळते वा काळवंडते ते असे.

भाविकांसाठी काही सूचना

वरील विचारावरून निष्कर्ष स्पष्ट आहे. स्वस्तिक सोडू नये. परंतु ते ठेवणाऱ्याने त्याचा अर्थ जाणावा, इतरांना सांगावा आणि तसे वागावे. यास्तव पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. स्वस्तिक आपल्या दारावर, देवघरात, मंगलकार्यात निःसंकोच काढावे. दुसऱ्याच्या भिंतीवर, दुसऱ्या धर्माच्या स्थळाजवळ किंवा कोणाला खिजवण्यासाठी कदापि काढू नये. खिजवण्यासाठी काढलेले स्वस्तिक हे स्वस्तिक उरत नाही.

२. पायाखाली येईल अशा जागी, फेकून देण्याच्या पिशव्यांवर वा पत्रावळींवर ते छापू नये. स्वतःच ज्याचा मान राखत नाही, त्याचा मान इतरांनी राखावा ही अपेक्षा व्यर्थ होय. प्रसादाची रिकामी पाकिटे कृपया आवारात टाकू नयेत.

३. परदेशस्थ भाविकांनी तेथील कायद्याची माहिती करून घ्यावी. गृहप्रवेश, विवाह, दिवाळी अशा प्रसंगी बाहेरून दिसेल असे स्वस्तिक काढावयाचे असल्यास शेजाऱ्यांना आधी दोन शब्दांत अर्थ सांगावा. शक्य असल्यास त्यांना समारंभासही बोलवावे.

४. कोणी दुखावले गेल्यास प्रथम त्याचे ऐकून घ्यावे, मग आपले सांगावे. हा क्रम उलटू नये. एखाद्या वयोवृद्ध ज्यू गृहस्थास पत्रिका पाठवताना स्वस्तिक नसलेली पत्रिका पाठवली, तर त्यात आपला पराभव नाही. आपल्या घरी अतिथीच्या पथ्यानुसार ताट वाढतात, त्यातलाच तो प्रकार आहे.

५. मुलांना स्वस्तिक काढावयास शिकवताना दोन्ही गोष्टी सांगाव्यात : त्याचा मंगल अर्थ, आणि त्याच्या विकृत रूपाखाली झालेला संहार. एकच बाजू ऐकून परदेशी गेलेले मूल पहिल्याच प्रश्नाला निरुत्तर होते.

६. हिटलरची चिन्हे असलेल्या वस्तू विकत घेऊ नयेत आणि मुलांना घेऊन देऊ नयेत.

भाविकहो, दर्शन घेऊन परतताना महाद्वारावरील स्वस्तिकाकडे क्षणभर थांबून पाहावे. त्याच्या चार भुजा चार दिशांना गेलेल्या आहेत. त्यांपैकी एकही दिशा आशीर्वादातून वगळलेली नाही. आपल्या घराच्या दारावरील स्वस्तिकालाही हाच अर्थ आहे, आणि तो खरा करणे हे त्या दारामागे राहणाऱ्यांच्या हाती आहे.

॥ शुभं भवतु ॥